वऱ्हाडचे ‘बेरार’ : एका अर्थहीन नावाचे ओझे

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते एका तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांच्याशी इंग्रजांनी तो येथे केला. त्यापूर्वी तेराच दिवस आधी देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांकडून वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख काढून घेण्यात आला होता. तो पुढे निझामाच्या पदरात पडला. मुलूख आमचा, देणारे परके, घेणारेही परके! त्या व्यवहाराच्या कागदांत आमच्या भूमीचे नाव होते ‘बेरार’. परकी सत्ता गेली, पण मराठी ग्रंथांतून ‘बेरारची इमादशाही’ आणि ‘बेरार प्रांत’ काही जात नाहीत.

‘बेरार’ या शब्दाचा अर्थ काय? मराठीत तर काहीच नाही. फारसी दप्तरातील ‘बरार’ आणि इंग्रजी दप्तरातील ‘बेरार’ हे दोन्ही ‘वऱ्हाड’चेच अपभ्रंश. उलट ‘वऱ्हाड’ हा शब्द अर्थाने भरलेला आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फझल ‘आइन-ए-अकबरी’त स्वच्छ लिहितो की, या प्रदेशाचे मूळ नाव ‘वरदातट’, म्हणजे वरदा नदीचा काठ. ही वरदा म्हणजे आजची वर्धा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाची वाटणी होते तीही याच वरदेच्या दोन तीरांवर. लोकपरंपरा आणखी वेगळे सांगते. रुक्मिणीच्या विवाहासाठी कौंडिण्यपुरी जे वऱ्हाड जमले, त्यावरून प्रदेशाचे नाव पडले, अशी तिची श्रद्धा. पंडितांनी व्युत्पत्तीचा वाद खुशाल घालावा. एका मताच्या मुळाशी आमची नदी आहे, दुसऱ्याच्या मुळाशी आमची रुक्मिणी. ‘बेरार’च्या मुळाशी काय आहे? केवळ परक्या कारकुनाची लेखणी!

“नावात काय आहे?” असे विचारणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी निझामाचा इतिहास वाचावा. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमचा त्यांच्या हाती आला. निझामाकडे उरले ते नाममात्र स्वामित्व. तरीही १९३६ च्या करारात त्याने ‘हैदराबाद व बेरारचा निझाम’ हा किताब पदरात पाडून घेतला आणि आपल्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवून घेतले. कारभार हाती नसतानाही ज्याने नाव सोडले नाही, त्याला नावाचे मोल ठाऊक होते. ते आम्हालाच का ठाऊक नसावे?

जुन्या संस्थांच्या पाट्या उखडाव्यात, असे येथे कोणी म्हणत नाही. त्या नावांनीही या भूमीत विद्यादान झाले आहे. तहाचा मूळ मसुदा उद्धृत करताना तेथील शब्द जसाच्या तसा द्यावा, हेही मान्य. परंतु स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या मुलांसाठी पुस्तक लिहिताना मराठी माणसाने ‘बेरार’ लिहावे, यात कोणती शास्त्रशुद्धता? ही केवळ सवयीची गुलामी आहे. इलिचपूरचे पुन्हा अचलपूर झाले, म्हणून इतिहासाचे काय बिघडले?

तह रद्द करणे आज कोणाच्या हाती नाही. पण त्या तहांच्या कागदातला शब्द आपल्या लेखणीतून काढून टाकणे प्रत्येकाच्या हाती आहे. त्यासाठी ना शासननिर्णय हवा, ना आंदोलन. वऱ्हाडला वऱ्हाड म्हणावे, एवढेच पुरे!