नंदुरबारचे ‘वाळवंट’ कोणी केले?

नंदुरबार जिल्ह्याच्या दारिद्र्याचा विषय निघाला की सत्ताधाऱ्यांचे प्रवक्ते भूगोलाचे पुस्तक उघडतात. लहरी पाऊस, उघडे डोंगर, खडकाळ जमीन. निसर्गच कृपण, तेथे शासनाने काय करावे? हे ऐकणाऱ्यास वाटावे की सातपुड्याच्या पायथ्याशी थरचे वाळवंटच पसरले आहे.

मग वाळवंटाशीच तुलना होऊन जाऊ द्या. जैसलमेरकडे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. बारमाही नदी नाही. तेथील माणूस टाक्यात पावसाचे पाणी साठवतो, शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या व उंट यांवर विसंबतो आणि बाजरीचे एक पीक पदरात पडले तरी समाधान मानतो. नंदुरबारची गोष्ट निराळी. उत्तर सीमेवर नर्मदा, मध्यातून तापी, आणि नवापूरकडे चांगला पाऊस! तरीही नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात राज्यातील सर्वांत दरिद्री जिल्हा हाच; ५२ टक्के जनता त्या रेषेखाली. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील आदिवासींचे प्रमाण ६९ टक्के होते. हा योगायोग मानण्याइतके भोळे कोणी नसावे.

तापीचे पाणी कोठे जाते? १९७२ मध्ये गुजरातेत उकाई धरण पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा नवापूर तालुक्यात शिरला. त्या पाण्यावर सुरत-बारडोलीकडे उसाचे मळे पिकले, सहकारी कारखान्यांची भरभराट झाली. तो ऊस तोडतो कोण? दिवाळीनंतर मुकादमाची उचल अंगावर घेऊन, लेकराबाळांसह निघालेला खानदेशचा आदिवासी ‘कोयता’. यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकातच ही वेठबिगारी जगापुढे मांडली. ज्या नदीच्या खोऱ्यात जन्म, तिच्याच पाण्यावर वाढलेल्या पिकाची परमुलखात मजुरी! पुढे तापीवर प्रकाशे व सारंगखेडे येथे बंधारे झाले. परंतु नदीकाठच्या २२ उपसा जलसिंचन योजना वर्षानुवर्षे बंदच राहिल्या. पाणी बंधाऱ्यात, आणि शेत कोरडे.

नर्मदेचा हिशेब याहून कडू आहे. १९७९ च्या लवादाने महाराष्ट्रास अडीच लाख एकर-फूट पाणी दिले आणि ज्या राजस्थानातून नर्मदा वाहतच नाही त्यास पाच लाख. २००८ मध्ये कालव्याने ते पाणी राजस्थानच्या वाळवंटात पोहोचलेही. बाडमेरच्या तहानलेल्या शेतकऱ्याचा हेवा करण्याचे कारण नाही. त्याची तहान खरी आहे. परंतु त्या धरणाखाली अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे गेली, आणि निवाड्याला चार दशके उलटली तरी महाराष्ट्राच्या वाट्याचे पाणी सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात आले नव्हते. राजस्थानपर्यंत शेकडो किलोमीटरचा कालवा खोदणारे अभियंते याच एका डोंगरापुढे हतबल झाले, असे समजायचे काय?

केवळ पाणी आणण्याची मागणी मात्र अपुरी ठरेल. शहाद्याच्या सुपीक पट्ट्यातील भिल्लांच्या जमिनी सावकारांनी व बड्या बागायतदारांनी कशा गिळल्या, हे १९७२ मध्ये अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या लढ्याने चव्हाट्यावर आणले. त्यानंतर १९७४ चा जमीन-प्रत्यार्पण कायदा झाला. आज पाणी जमिनीमागे द्यावयाचे ठरले, तर ते ज्याच्याकडे जमीन त्याच्याच उसाला व केळीला मिळेल. कोयता घेऊन निघणारा निघतच राहील. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात वेगळा पायंडा पाडला: पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणशी; भूमिहीनासही हिस्सा; उसाला मनाई. बंद उपसा योजना सरकारी खर्चाने चालू करताना हीच अट घालावी, आणि नर्मदेच्या पाण्याचा पहिला हक्क बुडितग्रस्तांच्या वसाहतींना लेखी द्यावा. तापीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेत हा ठराव कार्यकर्त्यांनी मांडावयास हवा. बागायतदार त्यास विरोध करतील, आणि तो विरोध ठरावाच्या इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घेतला पाहिजे.