गुळवेल लिहून देताना

अ‍ॅलर्जीच्या सर्दीने बेजार झालेल्या ७५ रुग्णांवर नागपुरात गुळवेलीच्या घनाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आठ आठवडे काहींना गुळवेल मिळाली, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. गुळवेल घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के रुग्णांच्या शिंका पूर्ण थांबल्या, ६९ टक्क्यांचे नाक गळणे थांबले, नाकाच्या स्रावातल्या इओसिनोफिल पेशी कमी झाल्या. प्रतिश्यायात गुडूची देणाऱ्या वैद्याला या निकालाचे नवल वाटणार नाही. तरी आपण अनुभवाने जे सांगतो ते कोणीतरी मोजून पाहिले, याचे मोल मोठे आहे. चर्चासत्रांत ही टक्केवारी अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगितली जावीच.

दुसऱ्या एका चाचणीबद्दल मात्र आपल्यात फारच कमी बोलले जाते. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाललेली, अनेक केंद्रांत केलेली ही चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालई यांच्या घनांपासून केलेली औषधे एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. वेदना कमी करण्यात आणि गुडघ्याची हालचाल सुधारण्यात आयुर्वेदिक औषधे त्या दोन्हींच्या बरोबरीची ठरली. आयुर्वेदिक सूत्रावर झालेल्या इतक्या काटेकोर चाचण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पण त्याच शोधनिबंधात आणखी एक नोंद आहे. चाचणीदरम्यान २८ रुग्णांचे एसजीपीटी वाढलेले आढळले. त्यांना त्रास काहीच नव्हता, यकृताच्या बाकीच्या तपासण्या ठीक होत्या. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांचे औषध थांबवावे लागले आणि ते थांबवल्यावर एसजीपीटी पूर्ववत झाले. ही वाढ अनपेक्षित आहे, तिचा आणखी अभ्यास व्हायला हवा, असे संशोधकांनी स्वतःच नमूद केले.

त्या सात रुग्णांकडे आपण तेव्हाच पुरेसे लक्ष द्यायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण पुढे करोनाची साथ आली, गुळवेल ‘इम्युनिटी’च्या नावाने घरोघरी गेली, आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना कावीळ झालेले सहा रुग्ण दिसले. सगळ्यांच्या पोटात गुळवेल गेलेली होती. अनेकांनी घरीच वेलीचे तुकडे उकळून काढा घेतला होता. शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटली असावी, अशी लक्षणे काहींच्या यकृताच्या तुकड्यात दिसली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले; गुळवेलीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण वापरली गेली असावी, अशी शक्यता मांडली. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

ओळख चुकण्याचा मुद्दा खराच आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी दाटीने असतात, खोड कापल्यावर दुधासारखा चीक येतो, फळे लांबट आणि नारिंगी असतात. आपल्या गुळवेलीची फळे पिकल्यावर लाल, गोल, वाटाण्याएवढी आणि झुपक्यात लागतात. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र वाळलेले, सोललेले, बोटभर लांबीचे तुकडे येतात. तिथे ना पान दिसते, ना फळ, आणि सालीवरच्या गाठीही सोलताना गेलेल्या असतात. पोत्यावरच्या चिठ्ठीवर विसंबून वेल घेणाऱ्या वैद्याला ती कोणत्या रानातून आली हे सांगता येणार नाही. जमेल त्याने आपल्या ओळखीच्या वेलीचे खोड ताजे घ्यावे. ज्याला जमत नाही त्याने ओळखपरीक्षेचा दाखला देणाऱ्या उत्पादकाचेच औषध वापरावे.

पण क्रिस्पावर सगळा भार टाकून मोकळे होता येत नाही. २०१३ च्या चाचणीतली औषधे वनस्पतीची ओळख पटवून, प्रमाणित करून तयार केलेली होती. तिथे पोत्यातली भेसळ नव्हती. तरीही सात जणांचे औषध थांबवावे लागले. मग मानायला हवे ते इतकेच, की गुळवेल प्रतिकारशक्तीवर काम करते. तिच्या याच कामामुळे नागपूरच्या रुग्णांच्या शिंका थांबल्या असाव्यात. जे औषध शरीराच्या प्रतिकाराचा तोल हलवू शकते, ते क्वचित एखाद्याच्या शरीरात तो नको त्या बाजूलाही हलवेल. ज्याच्या घरात किंवा ज्याच्या अंगात स्वप्रतिकाराचा आजार आहे, थायरॉइडचा असो, सांध्यांचा असो की यकृताचा, त्याला गुळवेल द्यावी का, हा प्रश्न औषध सुरू करण्याआधीच विचारला गेला पाहिजे. अंगावर पित्त उठते म्हणून आलेल्या स्त्रीला थायरॉइडची गोळी चालू आहे का, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. शीतपित्त आणि थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार एकाच व्यक्तीत असणे दुर्मीळ नाही, म्हणून तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा.

सालईकडे वळू, कारण घन म्हणजे नेमके काय हे तिच्याइतके स्पष्ट दुसरी वनस्पती दाखवत नाही. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या या झाडाच्या डिंकात बोस्वेलिक आम्ले असतात. ल्युकोट्राईन तयार करणाऱ्या ५-लिपॉक्सिजिनेज या विकराला ती अडवतात, हे जर्मनीत आमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले. ल्युकोट्राईन श्वासनलिका आवळतात, सूज वाढवतात. दम्यात त्यांचा मोठा वाटा असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दम्याच्या ४० रुग्णांना सालईचा डिंक ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा आठवडे दिला. ७० टक्के रुग्ण सुधारले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के. नागपुरातच गुडघ्याच्या ३० रुग्णांवर झालेली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही सालईच्या बाजूने बोलते.

आता ही आम्ले पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. सालईचा काढा करणाऱ्याच्या भांड्यात डिंकाचे इतर घटक उतरतील, पण ज्यासाठी तो दिला ती आम्ले तळाशीच राहतील. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास ती रक्तात कितीतरी जास्त पोहोचतात. उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतल्यास बरीचशी वाया जातात. डिंकवर्गातली औषधे तुपाबरोबर देण्याची आपली रीत इथे किती नेमकी लागू पडते! तरी चिठ्ठीवर ‘सालई ४०० मिग्रॅ दोन वेळा’ एवढेच लिहिण्याची सवय पडली आहे. बाजारात मिळणाऱ्या एका डबीत ६५ टक्के बोस्वेलिक आम्ले असतात, दुसरीत त्यांतल्याच एका विशिष्ट आम्लाचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत वाढवलेले असते, तिसरीत नुसती डिंकाची भुकटी. तिन्हींवर सालईचेच चित्र. या तीन वेगवेगळ्या औषधांची मात्रा एकच कशी असेल? द्रावक बदलला की सुरक्षिततेचा पुरावाही वेगळा लागतो, हे २०१० मध्ये औषध नियमावलीत आलेल्या १५८-ब या नियमानेही मान्य केले आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही ते मान्य करायला हवे.

हळदीचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. हळद पुडीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. तीन ग्रॅम हळद, म्हणजे चांगला भरलेला चमचा, पोटात गेली तर ९० मिलिग्रॅमच्या आसपास कुर्क्युमिन मिळते आणि त्यातलेही फार थोडे रक्तात पोहोचते. ९५ टक्क्यांच्या ५०० मिलिग्रॅम कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम असते. त्यात मिरीतले पिपरीन मिसळले की शोषण कित्येक पटींनी वाढते. बंगळुरूत १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात माणसांत ते वीसपट आढळले होते. हरिद्राखंडात दूध, तूप आणि साखरेत शिजवलेली हळद आणि ही कॅप्सूल यांना एकाच मापाने तोलणे चूक आहे. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्यांची जी मालिका नोंदली गेली, तीत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकीय प्रकार वारंवार सापडला. म्हणजे इजा होते ती सगळ्यांना नाही, ठरावीक प्रकृतीच्या माणसांना. प्रकृती पाहून औषध ठरवणाऱ्या शास्त्राने या शोधाला पाठ दाखवण्याचे काहीच कारण नाही. उलट हे काम आपल्याकडे, आपल्या रुग्णांत, आपणच पुढाकार घेऊन करायला हवे.

वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असे आपल्या परंपरेने कधी मानलेच नव्हते. बिब्ब्याचे उदाहरण महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे. बिब्बा उतला की अंग सुजते, फोड येतात, खाजेने झोप उडते. त्याच बिब्ब्याला विटेच्या चुऱ्यात शुद्ध करून, तुपादुधाबरोबर, ऊन आणि आगीपासून दूर ठेवलेल्या रुग्णाला मात्रा चढवत द्यायची पद्धत आपल्याकडे होती. चरकाने भल्लातकाचा, म्हणजे बिब्ब्याचा, विधी सांगताना रोग, प्रकृती आणि सात्म्य जाणूनच तो योजावा हेही सांगितले. इतके पथ्य, इतकी निवड, इतकी सावध मात्रा, आणि आज तीच परंपरा सांगणारे आपण कॅप्सूलची डबी ‘हर्बल आहे, काही होत नाही’ म्हणून हाती देतो. हे वाक्य आपल्या चिकित्सालयातून हद्दपार झाले पाहिजे.

आणखी एका रुग्णाकडे लक्ष वेधायचे आहे. गाजर गवत पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेले आणि नंतर देशभर पसरले. त्याच्या परागांनी आणि वाळलेल्या चुऱ्याने चेहरा, मान, कोपराचे खळगे खाजवून काळवंडलेले शेतकरी आपल्याकडे अजूनही येतात. यांतल्या अनेकांना शेवंती आणि सूर्यफुलानेही त्रास होतो, कारण कूळ एकच आहे. माका, अक्कलकारा, कॅलेंडुला हेही त्याच कुळातले. अशा रुग्णाच्या त्वचेवर या कुळातला लेप लावण्याआधी थोड्या जागेवर लावून दोन दिवस वाट पाहावी. लेपाने खाज वाढली तर ‘दोष बाहेर पडत आहेत’ असे रुग्णाला सांगत बसू नये.

श्वास घेताना शिट्टी वाजते, ओठ-जीभ सुजली, चक्कर येऊन रुग्ण कोसळतो आहे, अशा वेळी कोणताही घन कामाचा नाही. तिथे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन आणि जवळचे रुग्णालय. दम्याच्या रुग्णाचा इनहेलर आपले औषध सुरू केले म्हणून एका दिवसात बंद करू नये. आणि कुठल्याशा पुडीने दोन दिवसांत सगळे थांबले असे रुग्ण कौतुकाने सांगू लागला, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले नाही ना, ही शंका आधी घ्यावी.

तर मग करायचे काय? गुळवेल बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः ती देतो आणि देत राहू. पण महिन्याहून जास्त काळ घन द्यायचा असेल तर सुरुवातीला एकदा आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एसजीपीटी करून घ्यावे. हा खर्च रुग्णाला सहज परवडतो. केसपेपरवर वनस्पतीचे नाव, कोणता भाग, उत्पादक, बॅच क्रमांक, घनातल्या मुख्य घटकाचे प्रमाण आणि अनुपान एवढे लिहावे. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर औषध त्याच दिवशी थांबवून भेटायला यायचे, हे रुग्णाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसालाही सांगावे. इतर गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारताना ऑनलाइन मागवलेल्या डब्यांचाही प्रश्न वेगळा विचारावा. त्या ‘औषध’ आहेत असे बऱ्याच रुग्णांना वाटतच नाही.

काही वावगे घडले तर ते नोंदवावे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या देशव्यापी व्यवस्थेचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे आणि अनेक आयुर्वेद महाविद्यालयांत तिची केंद्रे आहेत. खेडेगावातल्या वैद्यालाही तिथे फॉर्म पाठवता येतो. नोंद केल्याने आपल्यावर बालंट येईल ही भीती आम्हाला पत्रांतून कळत असते. मुंबईतल्या सहा रुग्णांच्या वेळी आपल्याकडची नोंद हाताशी असती, तर किती जणांनी गुळवेल सुखरूप घेतली आणि कोणाला का बाधली, याचे उत्तर आपण स्वतः देऊ शकलो असतो. नोंद नव्हती, म्हणून ते उत्तर देताच आले नाही.

पुढच्या अंकापासून या मासिकाची दोन पाने अशा नोंदींसाठी राखून ठेवत आहोत. शीतपित्त, प्रतिश्याय, तमक श्वास आणि संधिशोथ या चार व्याधींत घन किंवा काढा दिलेला रुग्ण, चांगला गुण आलेला असो की त्रास झालेला, वर सांगितलेल्या तपशिलांसह पाठवावा. रुग्णाचे नाव-गाव नको. वय, लिंग, चालू असलेली इतर औषधे आणि रक्ततपासणीचे आकडे हवेत. त्रास झालेल्या रुग्णांच्या नोंदी आम्ही आधी छापू, आणि पाठवणाऱ्याची इच्छा नसेल तर त्याचे नाव छापणार नाही.