गाडीला नंबर मिळाला, कारागिराचे काय?

शेजारच्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ साली तयार झालेल्या ड्युसेनबर्ग स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन व चॅसी अमेरिकेची, बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंगने हाताने घडवलेली. अशा गाडीचा मडगार्ड चेपला तर बाजारात तयार भाग मिळत नाही. पत्रा ठोकूनच तो पूर्ववत करावा लागतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर दिला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. मुख्य अट अशी, की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको; मूळ रूप टिकले पाहिजे.

ते टिकवणार कोण? डेंटर हातोडीने पत्रा ठोकतो, तळवा फिरवून उंचवटा ओळखतो. ही विद्या उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबूनच येते. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांना पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. यादीत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. मोटारीचा डेंटर नाही.

आम्ही बँकेत यंत्र तारण घ्यायचो. हातातले कसब कुठल्याच रकान्यात बसत नसे. आजही तेच दिसते. नियम गाडी जपतो, पण ती जपणारा हात मोजत नाही. यादीत हा एकोणिसावा व्यवसाय यावा, असे आम्हांस वाटते. तोवर घरी जुनी गाडी असलेल्या सभासदांनी एवढे करावे: काम उस्तादाकडेच द्यावे आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्याची मजुरीही बिलात खुशीने धरावी.