नेल सर्व्हिसचा रेट लावताना फाइलचे १५ रुपये धरले होते का?



क्लासच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, समोरचं दुकान ४९९ मध्ये जेल पॉलिश करतं, मग मी ८०० कोणत्या तोंडाने सांगू?" आज याचंच उत्तर देते.

माझं मत सरळ आहे. रेट पाडायला लागलात की पहिली काटछाट स्वच्छतेत होते. रंग हलका वापरला तर क्लायंटला कळतं, खडे कमी लावले तरी कळतं. पण तीच फाइल तुम्ही चौथ्या बाईच्या नखांवर फिरवलीत, तर तिला कळत नाही. जे दिसत नाही तिथेच आपण पैसे वाचवतो.

आता हिशोब करू. माझ्या दुकानात एका क्लायंटमागे फाइल १५ रुपये, बफर १२, हँडग्लोव्हज ८, लाकडी काडी ३ आणि जंतुनाशक, कापूस, टिश्यू मिळून १२ रुपये लागतात. झाले ५०. तुमच्याकडे दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील. ८०० च्या सर्व्हिसमध्ये हे रुपयाला जेमतेम सहा पैसे पडतात. एवढेसुद्धा रेटमध्ये बसत नसतील, तर तुमचा रेटच चुकलाय.

कागदी फाइल आणि बफर धुऊन निर्जंतुक होत नाहीत. एका क्लायंटला वापरलं की तिला घरी द्या, नाहीतर टाका. स्टीलचं निपर, पुशर आणि ड्रिलचे बिट मात्र पुन्हा वापरता येतात, पण क्रम पाळून. आधी साबण-पाणी आणि ब्रशने घासायचं, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवून बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं ठेवायचं. मळ राहिला तर जंतुनाशक त्याच्या आत पोचतच नाही. परवडत असेल तर पुढे ऑटोक्लेव्ह घ्या. त्यात प्रेशरखालची १२१ डिग्रीची वाफ काम करते. आणि तो निळ्या लाइटचा यूव्ही बॉक्स? तो फक्त स्वच्छ केलेलं सामान ठेवायला. लाइट जिथे पडत नाही, तिथले जंतू तसेच राहतात. अ‍ॅसिटोनने पुसणं म्हणजेही निर्जंतुक करणं नव्हे.

"एवढा वेळ कुठून आणू?" वेळ नाही, सेट वाढवा. टूल्सचे चार-पाच सेट ठेवलेत तर एक भिजत असताना दुसरा हातात असतो.

कुणी म्हणेल, ताई, आजवर काही झालं नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. निपरने क्युटिकल जरा जास्त कापली, टिपूसभर रक्त आलं, तेवढं त्याला पुरे. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावी एकाच नेल सलूनच्या शंभरहून जास्त क्लायंटच्या पायांवर गळवं उठली. फूट स्पाच्या टबात पाणी ज्या जाळीतून फिरायचं, तिच्यामागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता. तिथे कुणी साफच करत नव्हतं. म्हणून मी नव्या दुकानाला सांगते, महागडी स्पा खुर्ची नको, साधा टब घ्या. तो निदान पूर्ण घासता तरी येतो.

सगळ्यात अवघड गोष्ट आहे नाही म्हणणं. नखाखाली हिरवट डाग, सुजलेली कड, पू, जखम दिसली तर सर्व्हिस करायची नाही. डाग जेलखाली झाकायचा तर मुळीच नाही. रोगाचं नावही आपण सांगायचं नाही, आपण डॉक्टर नाही. "ताई, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, बरं झालं की मी करून देते," एवढंच म्हणा. त्या दिवशीचे ८०० जातील. पण मला विचाराल तर प्रोफेशनल तीच, जिला ते ८०० सोडता येतात. डायबेटिस आहे का, हे पेडिक्युअरच्या आधी विचारलंच पाहिजे. त्यांच्या पायावरची छोटी जखमसुद्धा लवकर भरत नाही.

क्लायंट स्वच्छतेबद्दल विचारत नाही, हे खरं. मग तुम्हीच दाखवा. नवी फाइल तिच्यासमोर पाकिटातून काढा, हात धुताना तिला दिसू द्या. आपला रेट का जास्त, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. तरीही काही जणी ४९९ कडे जातील. जाऊ द्या. त्यांना धरून ठेवायला फाइल परत वापरू नका.

या आठवड्यात एवढं करा. वही घ्या, एका क्लायंटमागचा स्वच्छतेचा खर्च लिहा, तो रेटमध्ये धरा आणि मगच नवीन रेटकार्ड छापा.