सावली मे महिन्यात मोजावी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून संगणकापासून लांब ठेवलं होतं. आता परवानगी मिळाली आहे. विषयही चालून आला, तोही फोनवरून!

सोलापूरहून भाच्याचा फोन होता. शहराबाहेर त्याचं घर बांधून झालं. पुढे-मागे थोडी मोकळी जागा आहे. म्हणाला, "आत्या, नर्सरीवाल्याने यादी दिली आहे. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री आणि कंपाउंडला कोनोकार्पस. दोन वर्षांत हिरवंगार होईल म्हणतो. तू एवढी वर्षं इकडे काढलीस, तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते सांगायला फोन पुरला नाही, म्हणून हा लेख. तो वाचेलच, आणि तुमच्यापैकी जे देशावर, मराठवाड्यात, विदर्भात घर बांधत असतील त्यांच्याही उपयोगी पडेल. पण उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगणं बरं. वर्गातही मी तसंच करत असे.

ह्यांची बदलीची नोकरी होती, त्यामुळे आम्ही सोलापूर जिल्ह्यात बरीच वर्षं राहिलो. तिथल्या एका शाळेत मी मराठी आणि भूगोल शिकवत होते. १९८३ साली शाळेत वृक्षारोपण ठरलं आणि कोकणातल्या बाई म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कोकणातल्या माणसाला झाडांतलं सगळं कळतं असा देशावर एक समज आहे. मलाही तो समज होताच! मी गुलमोहराची आणि नीलगिरीची रोपं मागवली. शिवाय माहेरी आले होते तेव्हा फणसाची आणि कोकमाची रोपं पिशवीत घालून एस.टी.ने घेऊन गेले. आमच्या संगमेश्वरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथे जेमतेम पाचशे-सहाशे. हे आकडे मी मुलांकडून पाठ करून घेत होते. आपल्याच पिशवीतल्या रोपांना ते लागू आहेत, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

शाळेचे शिपाई मामा खड्डे खणत होते. ते म्हणाले, "बाई, लिंब लावा की." मला वाटलं लिंबाचं, म्हणजे आपल्या सरबताच्या लिंबाचं झाड! म्हटलं, "मामा, मुलं लिंबं ठेवतील का झाडावर?" मामा हसले आणि काही न बोलता खणत राहिले. देशावर कडुनिंबाला 'लिंब' म्हणतात हे मला नंतर कळलं, तोपर्यंत खड्डे भरले होते.

फणस आणि कोकम पहिल्याच उन्हाळ्यात गेले. गुलमोहर मात्र भराभर वाढले. चार-पाच वर्षांत फुलं आली, लाल भडक. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही मान ताठ करून फिरले. पण मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटायची, परीक्षा असायच्या, पोरं उन्हातून चालत यायची, तेव्हा त्या झाडांवर पान नसायचं. नुसत्या काड्या आणि लोंबणाऱ्या काळ्या शेंगा. नीलगिरी हिरवी असायची, पण तिची पानं उभी लोंबतात, उन्हाला कड देतात, त्यामुळे खाली सावली कसली? जाळीच. सगळी शाळा जमायची ती विहिरीजवळच्या एका जुन्या लिंबाखाली. मामांनी तिथे पाण्याचे रांजण ठेवले होते. तीनशे मुलांना एक झाड, आणि ते मी लावलेलं नव्हतं.

पुढे एका मे महिन्यात वळवाच्या वादळात एक गुलमोहर मुळासकट सायकलच्या शेडवर पडला. सुट्टी होती म्हणून निभावलं. शाळा चालू असती तर? या प्रश्नाने मला आजही मध्येच जाग येते. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं, हे मला आधी कळायला हवं होतं. विचारायला मामा शेजारीच उभे होते.

तर आता माझं मत. उष्ण, कोरड्या प्रदेशात झाड निवडताना ते ऑगस्टमध्ये कसं दिसतं हे पाहू नये, एप्रिल-मेमध्ये त्याच्याखाली काय आहे ते पाहावं. नर्सरी आपण पावसाळ्यात बघतो. तेव्हा सगळंच हिरवं असतं.

पानातून पाणी उडून जातं, म्हणून कोरड्या मुलखातली बरीच झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतात. हा त्यांचा शहाणपणा आहे. प्रश्न एवढाच की नवी पालवी कधी येते? कडुनिंबाची पानं माघ-फाल्गुनात गळतात आणि पाडव्याला, गुढीला डहाळी बांधायच्या वेळी, कोवळी तांबूस पालवी आलेली असते. पुढे ऊन चढतं तशी सावलीही दाट होत जाते. करंज तसाच. चैत्रात पोपटी पानांनी भरतो, मग त्याची बारीक गुलाबी-पांढरी फुलं खाली सांडतात. वडही उन्हाळ्याच्या तोंडाशीच पालवतो. ही झाडं पावसाची वाट बघत नाहीत, कारण त्यांची मुळं खोल पाण्यापर्यंत गेलेली असतात. चिंच संथ वाढते, पण एकदा वाढली की तीन पिढ्यांची सोय!

दुसरी गोष्ट दिशेची. इथे माझा भूगोल उपयोगी पडतो. सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी तिथे सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजे शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत घराच्या दक्षिणेला लावलेलं झाड घरावर सावली टाकत नाही. खरं भाजतं ते दुपारी तीननंतर पश्चिमेकडून. म्हणून सावलीचं झाड पश्चिमेला लावावं. दक्षिण बाजू मोकळी ठेवावी, हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्याच बाजूने घरात येतं आणि ते हवंसं असतं. भिंतीपासून पंधरा-वीस फूट अंतर ठेवावं. वड-पिंपळ घराजवळ नकोतच, ते पाराचे, शाळेच्या मैदानाच्या कडेचे, रस्त्याचे.

आता भाचा म्हणेल, आत्या स्वदेशीवाली झाली. तसं नाही रे बाबा. चिंच मूळची आफ्रिकेची, पण इतक्या शतकांपूर्वी आली की आपण तिला परकी म्हणत नाही. झाडाचं मूळ गाव कळलं पाहिजे, पण निवड त्याच्या वागण्यावरून करावी. गुलमोहर मादागास्करचा. जिथे माणसं बसणार नाहीत आणि वाऱ्यात पडला तर कोणाच्या अंगावर येणार नाही, तिथे खुशाल लावा. रेन ट्री अमेरिका खंडातला. त्याचा पसारा अवाढव्य, तो लहान अंगणाला झेपत नाही. शिवाय मुंबईत रस्तोरस्ती हीच झाडं लावलेली होती, त्यांच्यावर पिठ्या ढेकूण पडला आणि एकामागून एक वाळत गेली. एकाच जातीवर सगळी भिस्त ठेवू नये, हा त्यातला धडा. कडुनिंबालाही तो लागू आहे, पाचही झाडं लिंबाचीच लावू नकोस.

कोनोकार्पसचं तर नावच काढू नये. झटपट वाढतो, बारा महिने हिरवा राहतो, म्हणून कंपाउंडला भिंतीसारखा लावतात. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याचे परागकण श्वासाच्या तक्रारी वाढवतात आणि मुळं जमिनीखालच्या वाहिन्यांना त्रास देतात, अशी कारणं दिली होती. 'झटपट' या शब्दाची मला आता धास्तीच वाटते. सुबाभूळही एके काळी अशीच झटपट म्हणून डोक्यावर घेतली होती. चारा, जळण सगळं देते हे खरं, पण बी इतकं पडतं की नको तिथे उगवून बसते.

मग शोभेचं काही लावायचंच नाही का? लावायचं की! पण शोभेचं झाड आणि सावलीचं झाड वेगवेगळं असू द्यावं, एकाकडूनच दोन्ही मागितलं की माझ्यासारखी फसगत होते. बहावा लावावा. एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबतात तेव्हा पानं नसतात, पण आपण त्याच्याखाली बसायला जात नाही, खिडकीतून बघतो. कुंपणाच्या कोपऱ्यात पळस चालेल, तो काळ्या जमिनीतही तग धरतो. आपलं राज्यपुष्प ताम्हण फार देखणं, पण आमच्याकडे ते ओढ्याकाठी आपोआप येतं, सोलापुरात त्याला पाणी घालत बसावं लागेल. बकुळीचंही तसंच. आमच्याकडे तिला ओवळ म्हणतात. सुरुवातीची काही वर्षं जपायची तयारी असेल तर तिच्यासारखी दाट सावली नाही. पण तयारी नसेल तर रोपाला आशेला लावू नये!

आणखी एक. मोकळी जमीन दिसली की झाडं लावायचीच, हेही खरं नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तो माळावरचा पक्षी, त्याला गवत हवं, लांबवरची नजर हवी. आपण गवताळ माळाला 'ओसाड' म्हणतो आणि तिथे चर खणून ग्लिरिसिडिया लावतो. माळरान म्हणजे जंगल व्हायचं राहून गेलेली जमीन नव्हे. झाडं अंगणात, रस्त्याला, शाळेत, बांधावर लावा. माळ माळच राहू द्या.

आणि संख्येचा सोस सोडायला हवा. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी, एकूण ५० कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. आकडा मोठा होता आणि हेतू चांगलाच होता. पण मी बाई हिशेब वेगळा मांडते. लावलं त्या दिवशी झाड मोजायचं नाही, तिसरा उन्हाळा काढला की मोजायचं. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं खाली जातात. रोज तांब्याभर दिलंत तर ती वरच घुटमळतात. बुडाशी पालापाचोळा पसरा. शेजारी भोकाचं मडकं पुरून त्यात पाणी भरलं की ते आतल्या आत झिरपतं. सूनबाई म्हणते लिंबाचा कचरा फार पडतो. अगं, तो कचरा नाही, पुढच्या उन्हाळ्याचं पांघरूण आहे.

हे सगळं लिहिताना आमच्या घरापासचा महामार्ग डोळ्यांसमोर येतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या आरवली ते कांटे टप्प्यावरची जुनी झाडं गेली. रस्ता हवा, मी विरोध करणार नाही, डोळ्यांसाठी मलाही त्याच रस्त्याने जावं लागलं. पण तीन हजार मिलिमीटर पावसाचा हा मुलूख डिसेंबरनंतर कोरडाच असतो. जांभा दगडात पाणी थांबत नाही, आणि तापलेल्या काँक्रीटवर एस.टी.ची वाट बघणाऱ्या बाईला सोलापूर आणि संगमेश्वर यांत एप्रिलमध्ये फारसा फरक वाटत नाही. २०२१ साली राज्याने पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा द्यायची सोय केली, पण तो कायदा नागरी भागापुरता. गावाकडच्या म्हाताऱ्या वडाला त्याचा उपयोग नाही.

अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्याकडेला वड लावल्याचा उल्लेख आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडं तोडू नयेत, अशी ताकीदच आहे. या दोघांच्याही डोळ्यांसमोर झाडाखालचा माणूस होता. आपण रस्त्यांवर झाडं लावतो ती गाडीतून जाताना छान दिसावीत म्हणून. दुभाजकात फुलझाडं लावून आपण मोकळे होऊ अशी मला भीती वाटते. दुभाजकात कोण उभं राहतं? प्रत्येक थांब्याशी एक करंज, एक वड, एक आंबा एवढंच माझं मागणं आहे. इथलीच झाडं, मुद्दाम आणायलाही नकोत. ग्रामसभेत दोनदा बोलले आहे, तिसऱ्यांदाही बोलेन.

असो. कालच भाच्याचा पुन्हा फोन आला. पश्चिमेला दोन लिंब आणि एक करंज, गेटजवळ बहावा असं ठरलं आहे. म्हणाला, "आत्या, सावली यायला सात-आठ वर्षं लागतील ना?" म्हटलं, लागतील. तोपर्यंत ओसरीला हिरवं कापड बांध. मामांनीही शाळेत तेच केलं होतं, माझ्या गुलमोहरांच्या मधोमध, त्यांच्याच खोडांना दोऱ्या बांधून.

तुमच्या गावात भर मेमध्ये लोक कोणत्या झाडाखाली बसतात ते जरूर लिहा. नाव स्थानिक असेल तेच लिहा, म्हणजे पुन्हा लिंबाचा घोटाळा व्हायला नको!