चार वेळा टायफॉइड, कागदावर

मला आतापर्यंत चार वेळा टायफॉइड झाला आहे. म्हणजे कागदावर. चारही वेळा ताप आला, चारही वेळा कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये विडाल टेस्ट झाली, चारही वेळा रिपोर्टवर '१:१६०' या आकड्याखाली पेनानं रेघ मारलेली होती. मग सलाईन, इंजेक्शनं, गोळ्यांचा कोर्स आणि आईच्या हातची पेज.

चौथ्या वेळी, गेल्या पावसाळ्यात, ताप सात दिवस उतरेना. तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "ब्लड कल्चर कधी केलं होतंस?" कधीच नाही. त्यांनी ते करून घेतलं, पण मी आधीच तीन दिवस अँटिबायोटिक गिळत होते, त्यामुळे त्यात काहीच उगवलं नाही. "आता कळायला मार्ग नाही," त्या म्हणाल्या.

म्हणजे मला टायफॉइड एकदा झाला, चारदा झाला की कधीच झाला नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. पैसे मात्र चारही वेळा गेले. हा लेख त्या पैशांबद्दल आहे.

विडाल टेस्ट १८९६ सालची आहे. फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरच्या नावानं ओळखली जाते. ती रक्तात जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. जिथं टायफॉइड कायमचा मुक्कामाला आहे अशा शहरात ती प्रतिपिंडं जुन्या आजाराची असू शकतात, लसीची असू शकतात, भलत्याच तापामुळेही वाढलेली दिसू शकतात. एकाच वेळी केलेल्या एका विडालवरून टायफॉइडचं निदान करू नये, हे वैद्यकीय पुस्तकांत कधीचं लिहिलेलं आहे. तरी ती गल्लोगल्ली चालते, कारण ती स्वस्त आहे आणि संध्याकाळपर्यंत उत्तर देते. कल्चरला दोन ते पाच दिवस लागतात, आणि तेही खऱ्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांनाच पकडतं. तापानं फणफणलेल्या माणसाला आज संध्याकाळी उत्तर हवं असतं. लॅब ते विकते. खरं-खोटं हा नंतरचा प्रश्न, आणि नंतर कुणी विचारत नाही.

आता जरा कर्जतकडे चला. तिथं माझ्या मामाचं पोल्ट्रीचं शेड आहे, पाच हजार पक्ष्यांचं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि झोपमोड मामाची. पस्तीस-चाळीस दिवसांनी पक्षी उचलला की किलोमागे काही रुपये त्याच्या हातात पडतात. मरतूक वाढली की त्यातूनच कापले जातात.

मागे मी तिथं गेले होते तेव्हा कोपऱ्यातले दहा-बारा पक्षी मान टाकून बसले होते. पांढरी पातळ विष्ठा. मामानं सुपरवायझरला फोन लावला, त्यानं एका पुडीचं नाव सांगितलं आणि तासाभरात सगळ्या पाच हजार पक्ष्यांच्या पाण्यात ती पुडी गेली. मी म्हटलं, "मामा, आजार कुठला ते तरी कळू दे. तपासायला पाठवू ना एखादा पक्षी." तो हसला. "अगं, रिपोर्ट येईस्तोवर शेड रिकामं होईल माझं."

मला एकदम आमची लॅब आठवली. तीच घाई, तोच अंदाज, तोच कोर्स. फरक इतकाच, की माझ्या वेळी आजारी एक होती आणि औषध एकीला मिळालं. इथं आजारी दहा आणि औषध पाच हजारांना.

ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. साल्मोनेला हे एका मोठ्या खानदानाचं नाव आहे. त्यातला टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, अन्न हाताळणाऱ्याचे हात धुतलेले नसले की पुढच्या माणसाकडे जातो. त्याचेच भाऊबंद कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि मांस-अंड्यांतून येऊन आपल्याला जुलाब, उलट्या, ताप देतात. आणखी एक भाऊ कोंबड्यांनाच मारतो. त्या आजाराला 'फाऊल टायफॉइड' म्हणतात. जंतू वेगळे, रस्ते वेगळे, पण सगळ्यांवर आपण एकच उपाय शोधून ठेवला आहे: काहीतरी विकत घ्या.

विकायला किती आहे बघा. माणसांसाठी 'फीवर पॅकेज', प्रोबायोटिक, भाजी धुवायचं महागडं लिक्विड, दरवर्षी फिल्टर बदलायला लावणारं मशीन. कोंबड्यांसाठी लिव्हर टॉनिक, अॅसिडिफायर, हर्बल पावडर आणि अँटिबायोटिकची पुडी. यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं असं, की साल्मोनेला जिथं खरोखर हटला तिथं तो यातल्या कशानं हटलेला नाही.

स्वीडनमध्ये १९५३ साली आल्वेस्ता गावच्या कत्तलखान्यातून साथ पसरली. सुमारे ९,००० माणसं आजारी पडली, ९० च्या आसपास गेली. त्यानंतर त्या देशानं काय केलं? खाद्य तपासलं, कळप तपासले, जंतू सापडला तर तो कळप बाजारात जाऊ दिला नाही, आणि त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडू नये याची सोय केली. ब्रिटनमध्ये १९८८ च्या डिसेंबरात आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी म्हणाल्या की देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला शिरला आहे. गदारोळ झाला, दोन आठवड्यांत त्यांचं पद गेलं. पण पुढे १९९८ पासून तिथं 'लायन' शिक्क्याच्या अंड्यांसाठी कोंबड्यांना साल्मोनेलाची लस देणं सुरू झालं, आणि २०१७ मध्ये तिथल्या अन्न संस्थेनं सांगितलं की हा शिक्का असलेली कच्ची-अर्धकच्ची अंडी गरोदर बायका आणि लहान मुलांनीही खायला हरकत नाही. युरोपीय संघाचा तर २००६ चा नियमच आहे: मोजके अपवाद सोडले, तर कोंबड्यांमधला साल्मोनेला आटोक्यात ठेवण्यासाठी अँटिबायोटिक वापरायचं नाही. कारण औषधानं जंतू जात नाही, तो दबून बसतो. पक्षी बरा दिसतो, जंतू पसरवत राहतो आणि उरतात ते औषधाला न जुमानणारे.

आपल्याकडे कोलिस्टिन हे दवाखान्यात अगदी शेवटी, सगळं थकल्यावर वापरायचं औषध कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी दिलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं खाद्य-प्राण्यांसाठी त्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. चांगलं झालं. पण बंदी एका औषधावर आली, सवयीवर नाही. मामाच्या पाण्यात गेलेली पुडी दुसऱ्या नावाची होती, इतकंच.

आणि आता आपलं शहर. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये देशात तिसरं, स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण असलेलं, भिंतींवर फ्लेमिंगो रंगवणारं नवी मुंबई. या शहरानं एक गोष्ट अशी केली आहे, जिची जाहिरात एकाही भिंतीवर मला दिसलेली नाही. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महापालिकेनं ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस मोफत दिली. सरकारी व्यवस्थेनं ही लस मोठ्या मोहिमेत देण्याची जगातली ही पहिली वेळ. पहिल्या टप्प्यात २२ पैकी ११ आरोग्य केंद्रांच्या भागांत सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ती मिळाली. उरलेल्या भागांशी तुलना करता आली, आणि मोहीम झालेल्या भागांत कल्चरनं सिद्ध झालेल्या टायफॉइडची शक्यता निम्म्याहून अधिक कमी आढळली.

माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. आई तिला घेऊन गेली. तिला वाटलं पोलिओसारखंच काहीतरी असेल. मी सोळाची, म्हणून मला नव्हती. बहिणीला त्यानंतर एकदाही टायफॉइड झालेला नाही, कागदावरसुद्धा. एका बहिणीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. म्हणूनच वरचा लाखाचा आकडा दिला.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पाकिस्ताननं सिंध प्रांतापासून ही लस नियमित लसीकरणात आणली. तसं करणारा तो पहिला देश. त्यांच्यावर वेळच तशी आली होती: २०१६ पासून सिंधमध्ये असा टायफॉइड पसरला, ज्यावर तोंडानं घ्यायचं जवळजवळ एकच औषध उरलं होतं. ती लस हैदराबादची, म्हणजे आपल्या हैदराबादची. वापर आधी आपल्या शहरात झाला. आणि आपल्याकडे ती अजूनही मुख्यतः खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे मोजून मिळते. ज्यांना परवडतं त्यांच्या मुलांना. जो जंतू सगळ्यात जास्त पाईपलाईनशेजारच्या झोपडपट्टीत फिरतो, त्याच्यावरचा उपाय टॉवरमधल्या एसी क्लिनिकमध्ये.

कुणी म्हणेल, स्वतःची काळजी घ्यावी ना माणसानं. घ्यावीच. चिकन पूर्ण शिजवा, कच्चं मांस कापलेल्या सुरीनं कोशिंबीर चिरू नका, हात धुवा. पण चिकन सेंटरमधला लाकडी ओंडका, दिवसभर त्याच पाण्यात बुचकळलेलं फडकं, ते मी घरी कसं धुणार? "ताजं आहे, डोळ्यांसमोर कापलं" यानं आपली खात्री पटते. जंतूला त्यानं काही फरक पडत नाही. माझ्या हात धुण्यानं गटाराशेजारची फुटकी पाईपलाईन दुरुस्त होत नाही. वैयक्तिक काळजीचा उपदेश बाजाराला आवडतो, कारण काळजी घेणारा माणूस म्हणजे गिऱ्हाईक.

मी लॅबवाल्याला खलनायक करत नाही, मामाला तर नाहीच. मामाला उद्या कुणी म्हणालं, की तपासणी फुकट, आजारी लॉट काढून टाकला तर भरपाई मिळेल, तर तो पुडी कशाला ओतेल? त्याच्याकडे पुडीखेरीज पर्यायच ठेवलेला नाही. माझ्याकडेही विडालखेरीज ठेवलेला नव्हता.

म्हणून मागायचं ते हे. टायफॉइडची लस पोलिओसारखी प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात, फुकट. महापालिकेच्या दवाखान्यांत ब्लड कल्चर, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय कोंबडीला अँटिबायोटिक नाही, आणि जवळच तपासणीची सोय. चिकन सेंटरला परवाना देताना वाहतं पाणी आणि धुता येईल असा कापायचा ठोकळा. यातलं काहीच ऑनलाईन मागवता येत नाही, कार्टमध्ये टाकता येत नाही. त्यासाठी नगरसेवकाला, आरोग्य केंद्राला, आमदाराला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण साल्मोनेला हटला आहे तो अशाच कंटाळवाण्या कामांनी.

मी सुरुवात केली आहे. परवा आमच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारलं, "टायफॉइडची लस मिळेल का?" खिडकीतल्या ताई म्हणाल्या, "मागे दिली होती. आता नाही. कुणी विचारायलाच येत नाही."

तुम्ही जाऊन विचारा.