'युवापणी' म्हणता येत नाही

'तरुणपणी मी एका दमात आलापल्लीपर्यंत सायकल हाणत होतो,' असं सांगणारे म्हातारे गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात पुष्कळ भेटतील. 'युवापणी मी...' अशी सुरुवात करणारा एकही भेटणार नाही. मुलचेऱ्यातच काय, उभ्या महाराष्ट्रात नाही. शब्दकोश 'तरुण' आणि 'युवा' यांच्यापुढे जवळपास एकच अर्थ लिहून मोकळा होतो, पण जिभेला दोघांतला फरक पक्का माहीत असतो. माणूस चिरतरुण असतो. चिरयुवा म्हटलं तर ऐकणारा हसेल. तरुणाचा गोतावळा मोठा आहे: तरुणी, तारुण्य, तरुणाई, तरुणपण. 'युवा'ला एवढं घरदार नाही. त्याचं यौवन कवितेत आणि चेहऱ्याच्या मलमांच्या जाहिरातीत राहतं. तो स्वतः कायम कशाच्या तरी पुढे जोडलेला सापडतो. युवा मोर्चा, युवा महोत्सव, युवा धोरण आणि अर्थातच युवा नेते.

युवा नेते आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर बारा महिने असतात. पांढरा शर्ट, हात जोडलेले, वर साहेबांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे चेहरे. वयाची चौकशी करायची नसते. केस काळे आहेत, एवढं पुरे. अशा एका नेत्याला 'तरुण नेते' म्हणून बघा. लगेच शंका येते, की बुवा, चाळिशी तर कधीच उलटली. 'युवा नेते' म्हटलं की शंका येत नाही, कारण ते वय नसून पद आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या शंकेचं निरसन पाणिनीने फार पूर्वी करून ठेवलं आहे. अष्टाध्यायीतल्या वंशवाचक नामांच्या प्रकरणात 'युवा' ही एक पारिभाषिक संज्ञा आहे. मूळ पुरुषापासून चौथ्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा वंशज, त्याच्या वंशातलं वडीलधारं माणूस हयात असेपर्यंत 'युवा' म्हणवतो. बापाच्या माघारी थोरला भाऊ जिवंत असला तरी धाकटा युवाच. गर्गाच्या कुळातला असा वंशज 'गार्ग्यायण', एरवी नुसता 'गार्ग्य'. म्हणजे युवा कोण, हे त्याच्या दाढीमिशीवरून ठरत नव्हतं, वर कोण बसलं आहे यावरून ठरत होतं. पन्नाशीचा गृहस्थसुद्धा वडील असेपर्यंत व्याकरणाने युवाच राहायचा. आपल्या राजकीय पक्षांतल्या युवा शाखा पाणिनी वाचून काढलेल्या नाहीत, पण त्याच्या व्याख्येत चपखल बसतात.

तरुणाची गोष्ट वेगळी. तो शब्द वैद्यांच्या घरचा. आयुर्वेदात नुकत्याच चढलेल्या तापाला तरुणज्वर म्हणतात. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले, त्यांत नाकाची, कानाची लवचीक हाडं ती 'तरुण'. कोवळं, ताजं, वाकेल पण चटकन मोडणार नाही असं. युवा हा वंशावळीतला शब्द आणि तरुण हा शरीरातला. मुलाला युवा दुसरे लोक करतात. तरुण तो आपसूक होतो, एके दिवशी आवाज फुटतो आणि आईला कळतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात वयात येणाऱ्या मुलामुलींशी शरीराविषयी, लैंगिकतेविषयी मोकळेपणी बोलायचं शिबिर सुरू केलं, त्याचं नाव 'तारुण्यभान' आहे. 'युवाभान' ठेवलं असतं तर मुलं भाषण ऐकायची तयारी करून आली असती.

मुलचेऱ्यात या दोन शब्दांचे आणखी नातेवाईक ऐकू येतात, कारण तालुकाच अनेक जिभांचा. इथे गोंडी-माडिया आहे, झाडीपट्टीची मराठी आहे, सिरोंच्याकडून येणारी तेलुगू आहे आणि पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची बंगाली आहे. सुंदरनगर, विवेकानंदपूर या गावांत गेलं की दुकानाच्या ओट्यावर बंगालीच चालू असते. तिथले आजोबा 'युवक' म्हणत नाहीत, 'जुबोक' म्हणतात. बंगाली जिभेवर 'य'चा 'ज' होतो. हा 'जुबोक' ऐकला की 'जवान' आठवतो, आणि ते योग्यच आहे. फारसीतला जवान आणि संस्कृतातला युवन् हे एकाच मुळाचे सख्खे भाऊ. एक इराणातून फिरून आला, एक इथेच राहिला.

फिरून आलेल्या भावाने मात्र धंदा बदलला. पूर्वी मराठीतही 'जवान पोर' म्हणजे भरात आलेली मुलगी किंवा मुलगा. लालबहादूर शास्त्रींच्या 1965च्या घोषणेनंतर जवान म्हणजे सैनिक हे घरोघर पक्कं झालं. गडचिरोलीत तर त्या शब्दाला दुसरा अर्थ उरलाच नाही. 1990मध्ये जिल्ह्यातल्याच साठ जणांना निवडून पोलिसांनी सी-60 पथक उभं केलं, तेव्हापासून इथला जवान म्हणजे पाठीवर ओझं आणि हातात बंदूक घेऊन जंगलात चालणारा माणूस. तो पंचेचाळीस वर्षांचा असला तरी बातमीत जवानच. त्याच्याच गावचा, कदाचित त्याच्याच वर्गातला एखादा मुलगा माओवाद्यांच्या दलममध्ये गेला, तर त्याला कुणी जवान म्हटलं नाही, युवाही नाही आणि पुढे पुढे तरुणही नाही. ऑक्टोबर 2025मध्ये भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा त्यांच्यासाठी 'आत्मसमर्पित' हा शब्द होता. आता त्यांतल्या कुणाचं लग्न झालं, कुणी दुकान टाकलं, तर त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस म्हणून मला मथळे जरा बारकाईने वाचायची सवय आहे. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून अपघाताची बातमी नवलाची राहिली नाही. 'ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार तरुण ठार.' कधी 'युवक ठार' असंही छापून येतं. 'युवा ठार' असं मात्र कधीच येत नाही. युवा उद्योजक असतो, युवा शेतकरी असतो, युवा वक्ता असतो, आणि त्याचा सत्कार होतो. झाडाला गळफास घेतो तो तरुण. दारू पिऊन पडलेला सापडतो तोही तरुणच. युवा कधी आजारी पडत नाही, त्याचं लग्न मोडत नाही, तो परीक्षेत नापास होत नाही. चांगल्या बातमीला एक शब्द आणि वाईट बातमीला दुसरा, अशी ही वाटणी कुणी बैठक घेऊन केलेली नाही. लिहिणाऱ्याच्या हातूनच ती होते.

मुलींच्या बाबतीत हात आणखी पुढे जातो. शिबिरात ती 'युवती', गुन्ह्याच्या बातमीत 'तरुणी', आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं की 'विवाहिता'. विहिरीत विवाहिता सापडते, तरुणी नव्हे. तिच्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप असलेला नवरा त्याच बातमीत 'तरुण' असतो. बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलात, म्हणजे अविवाहित मुलामुलींच्या सामायिक घरात, मुलगा 'चेलिक' आणि मुलगी 'मोटियारी', आणि लग्न झालं की दोघंही घोटुलाबाहेर. तिथे निदान नियम दोघांना सारखा होता. आमच्या मथळ्यांत लग्नाने फक्त बाईचं तारुण्य संपतं.

मग युवा नेमका किती वर्षांचा? सरकारला हा प्रश्न सोडवावाच लागतो, कारण रकाना भरायचा असतो. 2003च्या राष्ट्रीय युवा धोरणात 13 ते 35. 2014च्या धोरणात 15 ते 29. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत 15 ते 24. म्हणजे 2003च्या धोरणात युवा ठरणारा पस्तिशीचा माणूस पुढच्या धोरणात एका फटक्यात सहा वर्षांनी म्हातारा झाला. विवेकानंदपुरासारख्या गावात हे सांगताना मला हसू येतं. स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस, 12 जानेवारी, 1985पासून राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळला जातो. शाळेत त्यांच्या शिकागोच्या भाषणावर मुलं पाठ केलेली भाषणं करतात. ते भाषण 11 सप्टेंबर 1893चं आणि विवेकानंदांचा जन्म 1863चा. त्या दिवशी ते तीस वर्षांचे होते. 2014च्या धोरणानुसार युवा दिनाचा नायक युवा उरला नव्हता.

उलट उदाहरण घरचं आहे. अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरचे बाबूराव शेडमाके 12 मार्च 1833ला जन्मले. इंग्रजांविरुद्ध उठाव करून 21 ऑक्टोबर 1858ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. कोणत्याही धोरणात बसतील. पण त्यांना कुणी 'युवा नेते' म्हणत नाही, 'वीर' म्हणतात. ते बरोबरच आहे. युवा नेत्याला वर कुणीतरी लागतो, आणि त्यांच्या वर फोटो लावावा असा कुणी नव्हता.

बँकेत गेलं की शब्दांची आणखी गंमत. 2015च्या मुद्रा योजनेत कर्जाच्या पायऱ्यांना वयाची नावं आहेत. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', तिथून पाच लाखांपर्यंत 'किशोर', पाच ते दहा लाख 'तरुण'. 2024च्या अर्थसंकल्पात वीस लाखांची मर्यादा आली, ती 'तरुण प्लस'. साठीला टेकलेला एक शिंपी शिलाई मशीनसाठी अर्ज करायला गेला तर कागदावर तो शिशु. आमच्याकडचे बहुतेक अर्जदार शिशुच. तारुण्य गाठायला पाच लाखांच्या वरचं कर्ज फेडायची ऐपत दाखवावी लागते, हे एका परीने खरंच आहे.

'युवा'ला मी नुसत्या टपल्या मारतोय असं वाटू नये. त्या शब्दाने पैसे येतात, आणि इथे पैशाची गरज आहे. 2024ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 18 ते 35 वयाच्यांसाठी. बारावी झालेल्याला महिन्याला 6 हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8 हजार, पदवीधराला 10 हजार. मुलं-मुली शाळांत, कार्यालयांत रुजू झाली. मुदत सहा महिन्यांची, नंतर ती पाच महिन्यांनी वाढली. त्यानंतर युवा संपला. तरुण घरी आला, आणि बापाने विचारलं, आता पुढे का करतेस?

त्याचं उत्तर चहाच्या टपरीवर मिळतं. 'काय करून राहिला बे?' असं कुणालाही विचारा. 'मी युवा आहे' असं कोणी सांगत नाही, 'मी तरुण आहे' असंही नाही. 'दोन भरत्या दिल्या काका, आता तिसरी देऊन राहिलो.' भरती म्हणजे पोलीस भरती, दुसरं काही असूच शकत नाही. पहाटे साडेचारला अंधारात मोबाइलच्या उजेडावर पोट्टे रस्त्यावर पळत असतात. 1600 मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस. पायात बूट असतात कुणाच्या, कुणाच्या नसतात. घड्याळवाला पोट्टा पुलाच्या कठड्यावर बसून आकडे ओरडतो. मुलीही पळतात, त्यांना 800 मीटर. खुल्या गटाला वयाची अट 28, मागासवर्गीयांना 33. त्या वाढदिवसाला इथे कुणी केक कापत नाही.

या भरतीतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. गडचिरोलीच्या पोलीस भरतीत गोंडी-माडियाचा वेगळा लेखी पेपर ठेवला गेला. ज्या भाषेसाठी वर्गात मुलाला गप्प बसवलं जायचं, तिलाच गुण मिळू लागले. सुंदरनगरच्या बंगाली घरातला मुलगा आता गोंडी शब्द पाठ करतो, आणि लगामच्या बाजूच्या टोल्यावरचा माडिया मुलगा त्याला उच्चार सांगतो, बदल्यात गणितं सोडवून घेतो. अर्जावर दोघंही युवा असतील, पण त्या पेपरने त्यांना वय विचारलं नाही. तुला काय येतं, एवढंच विचारलं.

हाच प्रश्न बाकीच्या योजनांच्या अर्जांवर दिसत नाही. तिथे जन्मतारीख असते, जात असते, उत्पन्न असतं, आधार क्रमांक असतो. तेंदूपत्त्याचं पुडकं किती पानांचं, मोहाचं फूल कधी वेचायचं, बंगाली-मराठी-माडिया तिन्ही भाषांत हिशेब कसा सांगायचा, हे ज्याला येतं त्याला ते लिहायला जागाच नसते. पुढच्या खेपेला मंत्रालयात एखादं युवा धोरण लिहायला घेतील तेव्हा वयाची मर्यादा पाच वर्षं इकडे-तिकडे झाली तरी चालेल. अर्जात 'तुला काय येतं?' असा एक रकाना तेवढा ठेवावा. मग युवा म्हणा नाहीतर तरुण, आमच्या पोट्ट्यांची काही हरकत नाही.